लिंक नाही, उद्या या

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावात माणसाचं निम्मं आयुष्य तीन गोष्टींची वाट पाहण्यात जातं. लाईट, एस.टी. आणि लिंक. तिन्ही स्त्रीलिंगी आहेत, हा माझा दोष नाही. व्याकरणकारांनी काय तो जाब द्यावा. तिघींबद्दल बोलताना माणसं 'आली का?' आणि 'गेली का?' एवढंच विचारतात. यांपैकी लाईट काय चीज आहे हे शॉक बसलेला कोणीही सांगेल. एस.टी.चा इतिहास तर प्रसिद्धच आहे. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली आणि तेव्हापासून ती कुठून तरी, कधी तरी, सुटतेच आहे. पण लिंक? ती कुठून येते, कुठं जाते, गेल्यावर कोणाकडे उतरते, याबद्दल मराठी वाङ्मयात भयाण शांतता आहे. महाराष्ट्रात मिशीपासून मिसळीपर्यंत कशाकशावर ग्रंथ झाले. पण गावोगावच्या माणसांना रिकाम्या हातानं घरी धाडणाऱ्या या बाईवर एक पान नाही.

गेली वीसेक वर्षं मी बँकेच्या काउंटरमागं बसून 'लिंक नाही, उद्या या' हे वाक्य म्हणत आलो आहे. एवढा जप नामाचा केला असता तर एव्हाना माझ्याच नावाची यात्रा भरली असती. तेवढ्या एका अधिकारावर हा इतिहास लिहायला बसलो आहे. मी इतिहासकार नाही, साधा बी.कॉम. आहे. इतिहासकार सनावळीवरून भांडतात. आम्ही कॉमर्सवाले डेबिट आणि क्रेडिट जुळलं की डबा उघडतो.

तर आदियुगात लिंक नव्हती. कारण लिंकची गरजच नव्हती. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढं बँका हळूहळू शहरातून खेड्याकडं निघाल्या. त्यांच्याबरोबर आलं ते लेजर. आपली जुनी खतावणीच ती, फक्त पाट-बैठक सोडून टेबलावर चढलेली. लेजर म्हणजे पुस्तक म्हणावं तर पुस्तक, आणि तालमीतला दगड म्हणावं तर दगड. ते कपाटातून टेबलावर आणायला एक शिपाई लागे आणि पुन्हा कपाटात ठेवायला दोन, कारण संध्याकाळपर्यंत पहिला थकलेला असे. खातेदार काउंटरशी आला की त्याच्या हातात पितळी टोकन द्यायचं, लेजरचं पान उघडायचं, सही ताडायची, शिल्लक पाहायची आणि पैसे देण्यासाठी कॅशियरकडे व्हाउचर सरकवायचं. खातेदार आणि त्याचं खातं यांच्यात अंतर हातभर. त्या हातभर अंतरात अडथळा एकच असे, तो म्हणजे कारकुनाचा मूड. तो चहानं दुरुस्त होत असे.

लेजरही दगा देई, नाही असं नाही. शाई फुटे, पान फाटे, झुरळं जिल्दीची खळ आवडीनं खात. महिन्याच्या शेवटी बॅलन्सिंगला पाच पैशांचा फरक यायचा आणि त्या पाच पैशांपायी अख्खी शाखा रात्री अकरापर्यंत बसायची. घरची मंडळी समजत, नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे. होतं ते पाच पैसे होतं. पण लेजर 'गेलं' असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. ते जाणार कुठं? दोन माणसांखेरीज ते हलत नसे.

लिंकची खरी आजी म्हणजे तार. विल्यम ओशॉनेसी नावाचा एक डॉक्टर कलकत्त्यात होता. त्या काळी डॉक्टरांना फावला वेळ असावा. त्यानं १८५० च्या सुमारास कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार टाकली. मग आग्रा, मुंबई, मद्रास अशी ती पसरत गेली आणि १८५५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली. तारेवर माकडं झोके घेत, खांबांना वाळवी लागे, वादळात मैलामैलाची तार जमिनीवर येई. १८५७ साली तर लोकांनी ती मुद्दाम तोडली. म्हणजे लिंक 'जाणं' आणि लिंक 'घालवणं' हे दोन्ही प्रकार या देशात पहिल्या सात वर्षांतच सिद्ध झाले. नंतरच्यांनी त्यात फारशी भर घातलेली नाही.

पण तारखात्यानं एक गोष्ट फार शहाणपणाची केली. तार तुटली की 'तार गेली' म्हणून ते हात जोडून बसत नसत. लाईनमन निघे. मधल्या एखाद्या ठाण्यावर जाऊन तो तपासून पाही. इथपर्यंत खडखडाट येतो ना? मग बिघाड पलीकडच्या निम्म्यात. येत नाही? मग अलीकडच्या निम्म्यात. पुन्हा त्या निम्म्याचं निम्मं. असं निम्मं-निम्मं करत शंभर मैलांतली तुटकी जागा पाचसात खेपांत टप्प्यात येई. वाचकांनी हा लाईनमन लक्षात ठेवावा. पुढं तो कामाला येणार आहे.

बँकांनीही तारेचा उपयोग केला. पैसे लांब पाठवायचे तर 'टी.टी.', म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. तारेत रकमेबरोबर एक गुप्त आकडा घालायचा, आणि पलीकडच्या शाखेनं कपाटातली कोडची वही काढून तो ताडायचा. आकडा जुळला तर तार खरी, नाही तर कोण्या भामट्याचा उद्योग. आज मोबाईलवर ओटीपी आला की लोक विज्ञानाची कमाल म्हणतात. आमच्या जुन्या हेडक्लार्कांच्या कपाटात तो कुलूपबंद पडून होता. ती तार पुढं जुलै २०१३ मध्ये सरकारनं बंदच केली.

मग आला संगणक. तो असा सरळ नाही आला. माणसांच्या नोकऱ्या जातील या भीतीनं युनियनचा विरोध होता, आणि ती भीती काही वेडगळ नव्हती. १९८३ साली बँका आणि युनियन यांच्यात करार झाला, रंगराजन समितीनं १९८४ मध्ये अहवाल दिला, आणि शाखांत 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' नावाची वस्तू येऊ लागली. नावात संगणक हा शब्द कुठंही नाही, हे पाहिलंत ना? सासूला सून पसंत नसली की 'मुलाची मैत्रीण' म्हणून घरात आणतात, तसला तो प्रकार. यंत्राला काचेची खोली मिळाली, गार हवेचं यंत्र मिळालं, आणि आत जाताना चपला बाहेर काढायचा नियम झाला. ज्या शाखेत माणसांच्या डोक्यावरचा पंखा मिनिटाला बारा वेळा फिरे, तिथं हा देव थंड हवेत बसला.

तरीही लिंक नव्हतीच. प्रत्येक शाखेचं यंत्र आपापल्या गावापुरतं. वरच्या ऑफिसला माहिती हवी असली की ती फ्लॉपीवर उतरवायची आणि शिपायाच्या हाती द्यायची. शिपाई ती सदऱ्याच्या खिशात घालून एस.टी.नं यवतमाळला न्यायचा. आर्णी ते यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. अरुणावतीला पूर आला, गाडी पंक्चर झाली किंवा शिपायाला वाटेत मेहुणा भेटला, की संपर्क तुटला. जुने सहकारी आजही छातीवर हात ठेवून सांगतात की त्या काळी बिघाड शोधणं सोपं होतं. बिघाड संध्याकाळी स्वतःहून घरी परत यायचा.

खरी क्रांती पुढं झाली. १९९६ साली हैदराबादला बँकांच्या तंत्रज्ञानासाठी एक संस्था निघाली आणि १९९९ मध्ये बँकांसाठी 'इन्फिनेट' नावाचं जाळं सुरू झालं, तेही उपग्रहाच्या आधारानं. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत कोअर बँकिंग गावोगाव पोचलं. कोअर बँकिंग म्हणजे काय, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस सांगत होते. मला ते एका वाक्यात कळलं: लेजर गावातून उचललं. सगळ्या शाखांची सगळी खाती मुंबईसारख्या ठिकाणी एका थोरल्या पुस्तकात गेली आणि शाखेच्या हाती राहिली ती फक्त त्या पुस्तकाकडं पाहायची खिडकी. त्या पुस्तकाला डेटाबेस म्हणतात. १९७० साली एडगर कॉड नावाच्या गृहस्थानं माहिती ओळी आणि रकान्यांच्या तक्त्यांत कशी ठेवावी याचं गणित मांडलं. आमच्या मारवाड्याच्या दुकानातल्या मुनीमजींनी ते वाचलं असतं तर म्हणाले असते, बेटा, रकाने तर आम्हीही आखतो.

सोय प्रचंड झाली, हे कबूल केलंच पाहिजे. आर्णीचा पोरगा पुण्यात शिकायला गेला तर बापानं इथं भरलेले पैसे तिथं पाच मिनिटांत निघू लागले. पण हातभर असलेलं अंतर एकदम सातशे किलोमीटर झालं. शिवाय रस्ता होता आकाशातून. शाखेच्या गच्चीवर भली मोठी थाळी बसली. उपग्रह विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंच. 'शिल्लक किती?' हा प्रश्न वर जाऊन खाली उतरणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार. नुसत्या प्रवासालाच अर्धा सेकंद. प्रकाश बिचारा याहून वेगानं धावू शकत नाही. त्यात पाऊस जोराचा लागला की संदेश विरघळायचा. आणि वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुमारास, काही दिवस काही मिनिटं सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागं येऊन उभा राहतो आणि त्याच्या तेजापुढं थाळीला काही ऐकू येत नाही. मार्च म्हणजे बँकांचं वर्षअखेर. प्रत्यक्ष सूर्यनारायणानं आमच्या हिशेबात लक्ष घालावं, याहून मोठा मान कारकुनाला काय मिळायचा?

आकाशमार्ग मागं पडला आणि पाताळमार्ग आला. जमिनीखालून काचेच्या केसाएवढ्या तारा, आणि त्यांतून धावणारा प्रकाश. याला ना पाऊस लागतो ना सूर्य. याला लागतो जेसीबी. आर्णीवरून जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी होत होता तेव्हा आम्ही जेसीबीच्या आवाजावरून लिंकचं भविष्य सांगायचो. ही फक्त आमची रडकथा नाही. खोदणाऱ्यानं आधी विचारून खोदावं म्हणून केंद्र सरकारनं २२ मार्च २०२३ ला एक मोबाईल ॲप काढलं. न विचारता केलेल्या खोदकामानं देशाचं वर्षाला सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सांगण्यात आलं. आमच्या भागात मात्र खोदणारा मोबाईल काढतो तो गाणी लावायला.

आता शेवटचं युग: ढगयुग. पुस्तक मुंबईला आहे हे निदान सांगता येत होतं. आता ते 'क्लाऊड'वर आहे म्हणतात. कोणी गैरसमज करून घेऊ नये. ढगबिग काही नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी भल्यामोठ्या इमारतीत, दुसऱ्याच्या यंत्रावर, भाड्यानं जागा घेऊन आपलं पुस्तक ठेवायचं. ॲमेझॉननं अशी डेटाबेसची भाड्याची खोली २००९ मध्ये काढली. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्या-मुंबईत दुकान थाटलं, ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत. मोठ्या बँका मुख्य पुस्तक बहुधा स्वतःच्याच इमारतीत सांभाळतात. पण लहान बँका, पतसंस्था यांना ते कुठलं परवडायला? त्या दुसऱ्याच्या यंत्रावर बिऱ्हाड करतात. २०२२ साली केंद्रानं देशातल्या त्रेसष्ट हजार सेवा सहकारी सोसायट्या एका सामायिक सॉफ्टवेअरवर आणायची अडीच हजार कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे आमच्या खेड्यातल्या सोसायटीच्या सचिवाच्या पिशवीतली वहीही ढगात निघाली.

ढगाच्या हाती निरोप द्यायचा, ही कल्पना मात्र परकी नाही. ती अस्सल विदर्भातली म्हणायला हरकत नाही. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर होता, आणि रामगिरी म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक, असं बहुतेक पंडित मानतात. मी 'मेघदूत' भाषांतरातून वाचलं तेव्हा थक्क झालो. अर्धं काव्य प्रेमाचं नाहीच, रस्त्याचं आहे! पूर्वमेघात यक्ष ढगाला मार्ग सांगतो: इथून निघ, इकडं वळ, उज्जैनीला आडवाट झाली तरी जा. उत्तरमेघात घराचा पत्ता आणि दाराच्या खुणा. आणि शेवटी, निरोप आपल्याच नवऱ्याचा आहे हे बायकोला पटावं म्हणून तो एक गुपित सांगतो, दोघांखेरीज कोणाला ठाऊक नसलेलं. म्हणजे पासवर्डच की! मार्ग, पत्ता, दार, ओळख. ढगातल्या डेटाबेसशी जोडणी करायला आजचे इंजिनिअर याहून वेगळं काही करत नाहीत. फक्त यक्षाला उत्तर आल्याचं मूळ काव्यात कुठं नाही. तेवढ्यापुरता कालिदास आमच्या शाखेतला वाटतो.

आता लाईनमनला बोलवू या. लिंक 'जाते' म्हणजे नेमकं काय होतं? तुम्हाला यवतमाळच्या कचेरीत काम आहे असं समजा. पहिली गोष्ट, घरून निघायला पाय धड हवेत. १९ जुलै २०२४ ला, राष्ट्रीयीकरणाच्या बरोबर पंचावन्नाव्या वाढदिवशी, एका सुरक्षा कंपनीच्या सदोष दुरुस्तीनं जगातली पंच्याऐंशी लाख यंत्रं आपापल्या टेबलावरच आडवी झाली. रस्ते ठीक, पुस्तकं ठीक, पायच गेले. त्या दिवशी आपल्याकडं विमानाचे बोर्डिंग पास पेनानं लिहून दिले. ते वाचून आमच्या एका निवृत्त हेडक्लार्कांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले.

दुसरी गोष्ट, कचेरीचा पत्ता. यंत्र नावानं नाही, आकड्यांनी ओळखलं जातं; नावाचा आकडा सांगणारी एक जागतिक सूची आहे. पूर्वी अख्ख्या जगाची ही यादी अमेरिकेत एका फाईलमध्ये सांभाळत; ती पुरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची व्यवस्था बसवली. ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५ ला, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात काय झालं? दोन आपोआप चालणाऱ्या यंत्रणांची एकमेकींशी टक्कर झाली आणि त्यांच्या डेटाबेसचा पत्ता त्या सूचीतून पुसला गेला. पुस्तक जागेवर, एक पान हललं नाही, पण पत्त्याच्या रकान्यात कोरा कागद. एवढ्यावर जगभरच्या शेकडो सेवा तासन् तास आडव्या. आमच्या गावात नवीन पोस्टमन आला की हेच होतं, पण त्याची बातमी होत नाही.

तिसरी गोष्ट, रस्ता. तो तुटला तर उत्तरच येत नाही. यंत्र वाट पाहून पाहून 'टाईम आउट' म्हणतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकनं देखभालीच्या नादात स्वतःच स्वतःकडं येणारे सगळे रस्ते मिटवले. दुरुस्तीला गेलेल्या माणसांनाही आत शिरायला वेळ लागला. चौथी गोष्ट, फाटक आणि पहारेकरी. त्याच्याकडं यादी असते. यादीत तुमच्या यंत्राचा आकडा नसेल तर तो बहुधा 'नाही' सुद्धा म्हणत नाही, नुसता ढिम्म बसतो. त्यामुळं बाहेरच्याला वाटतं रस्ताच तुटला. फाटकातून आत गेलात आणि नेमक्या खोलीचं दार बंद असेल, तर मात्र लगेच नकार येतो. हा नकार चांगला. नकार आला म्हणजे तुम्ही दारापर्यंत पोचलात. मुली पाहायला गेलेल्या अनुभवी माणसांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

पाचवी गोष्ट, ओळखपत्र: पासवर्ड चुकला, नाही तर त्याची मुदत संपली. आणि सहावी, आतल्या खुर्च्या. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस मुळात एका वेळी शंभरच जोडण्या स्वीकारतो. संख्या वाढवता येते, पण कोणी तरी वाढवावी लागते. पुष्कळदा कार्यक्रम लिहिणाऱ्यानं काम संपल्यावर उठून जायची सोय केलेली नसते. काम झालं तरी मंडळी खुर्च्या अडवून बसलेली, आणि दारात एकशेएकावा माणूस ताटकळत. बाहेरून दिसतं ते एकच: 'लिंक नाही.'

कधी तर कुठंच काही तुटलेलं नसतं. रस्ता शहाणपणानं बंद केलेला असतो. जुलै २०२४ च्या अखेरीस देशातल्या सुमारे तीनशे लहान बँकांना सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळानं तिचा संपर्क स्वतःहून तोडला; तपासणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो जोडला. साथीच्या वेळी गावची वेस बंद करतात तसं. निर्णय बरोबर होता. पण त्या दिवशी यूपीआय अडलेल्या माणसाला कोणी 'वेस बंद आहे, तुझं घर सुरक्षित आहे' असं समजावून सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

आणि नेमकं इथंच हसू थांबतं. सहा ठिकाणचे सहा बिघाड, प्रत्येकाचा उपाय वेगळा, प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. पत्ता दुरुस्त व्हायला कधी मिनिटं लागतात, जेसीबीनं तोडलेली तार जोडायला अख्खा दिवस. पण आमच्या काउंटरवर सगळ्यांसाठी वाक्य एकच. डॉक्टरनं प्रत्येक पेशंटला 'तब्येत गेली, उद्या या' म्हणण्यासारखंच हे.

पेरणीच्या दिवसांत, पीककर्जाच्या हंगामात, एक म्हातारबुवा आमच्याकडं सलग तिसऱ्या दिवशी आले. पहाटे घरून निघालेले, कमरेला भाकरीचं फडकं. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. ते हलले नाहीत. काउंटरच्या जाळीला बोटं लावून हळूच म्हणाले, "बाबूजी, एक सांगान का? माहे पैसे गेले का रस्ता गेला?"

मी म्हणालो, "रस्ता गेला, काका. पैसे जागच्या जागी आहेत. महागावच्या बाजूला तार तुटली आहे, जोडणारे निघालेत. चारच्या आत काही होत नाही."

"मंग तसं सांगा ना राजेहो!" म्हातारबुवांचा चेहरा उजळला. "तीन दिस झाले, 'लिंक गेली, लिंक गेली' आयकून रायलो. माह्या जिवाले वाटे, बँकच बुडाली. आता चार वाजेलोक मी बियाण्याचा भाव काढून येतो." आणि खरंच ते गेले, आणि खरंच साडेचारला आले.

वाचकहो, लिंकच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात याहून अचूक प्रश्न मी ऐकलेला नाही. पैसे गेले का रस्ता गेला? हैदराबादपासून व्हर्जिनियापर्यंतचे इंजिनिअर याच प्रश्नापासून सुरुवात करतात आणि त्यासाठी पगार घेतात.

कॉमर्सचा माणूस म्हणून मी याचा हिशेबही मांडून पाहिला. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएममध्ये खात्यातून पैसे कापले आणि हातात आले नाहीत, तर पाच दिवसांत ते परत करायचे. न केल्यास पुढं दिवसाला शंभर रुपये भरपाई. उत्तम नियम आहे. अडकलेल्या पैशाला दिवसाचे शंभर रुपये. पण लिंकपायी बाकावर अडकलेल्या माणसाला? त्याची बुडालेली रोजी, दोन वेळचं भाडं, चुकलेली पेरणीची वाफ? ती कुठल्याच लेजरला लागत नाही. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाईन होते. २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली. प्रत्येक वेळी बाया-माणसं पहाटेपासून रांगेत, आणि बाराच्या सुमाराला आतून कोणी तरी तेच वाक्य म्हणतं. पुस्तक हातभर अंतरावर होतं तेव्हा बिघाडाचा भुर्दंड कारकून भरायचा, रात्री अकरापर्यंत बसून. पुस्तक ढगात गेलं आणि भुर्दंड जाळीच्या पलीकडं सरकला. दुहेरी नोंदीच्या शास्त्रात क्रेडिट आमच्याकडं असेल तर डेबिट कोणाकडं तरी असणारच. ते कोणाकडं आहे, हे रांगेत उभं राहिलं की दिसतं.

लेजर परत आणा, असं मी म्हणणार नाही. एक तर ते उचलायला आता दोन शिपाई कुठून आणायचे? माझी मागणी अगदी किरकोळ आहे. शाखेच्या दाराशी एक काळा फळा टांगावा. त्यावर खडूनं तीन ओळी लिहाव्यात: कुठं तुटलं, कोण दुरुस्तीला गेलं, किती वाजता विचारायला यावं. आणि वरती, न पुसता येणाऱ्या पांढऱ्या रंगात, कायमचं एक वाक्य: 'तुमचे पैसे जागेवर आहेत.'

ही सूचना मी रीतसर लेखी वर पाठवली आहे. अर्थात ऑनलाईन, दुसरा मार्ग आता ठेवलेलाच नाही. पोच मात्र अजून आलेली नाही. वर चौकशी केली तर म्हणाले, लिंक नाही, उद्या या.